पाण्याची तूट

आमच्या गावात समुद्रात बुडालेला माणूस एकच,
शेठ गेंदालाल.
आणि गाव असं, की उन्हाळ्यात वर्धा नदी
धोतर न भिजवता ओलांडावी.

तार आली तेव्हा तुरी सोंगायच्या होत्या.
आर्वीचे पोस्टमास्तर सायकलवर आले,
ओट्यावर बसले, पाणी मागितलं, प्यायले नाहीत.
बोट बुडाली, म्हणाले.
डोंगा पलटला काय जी? सोमा ढिवरानं विचारलं.
डोंगा नाही. गावाएवढी बोट.
कितीक खोल असन थे?
मास्तरांनी चिंचेकडे पाहिलं,
मग जिनच्या धुराड्याकडे,
आणि बोलले नाहीत.

माझा आजा, चिंधू मापारी, शेठच्या जिनात काटा धरायचा.
हे त्यानं सांगितलेलं.
कळशीचं तेवढं मरायच्या आठवड्यात.

शेठ पाण्याला भ्यायचा.
दोन लोट्यांत आंघोळ, तीही उभ्यानं.
पोळ्याला गाव बैल धुवायला नदीत उतरलं
की हा काठावर, छत्री उघडून, बैल मोजत.
नागपूरहून बर्फ यायचा त्याच्यासाठी, लाकडाच्या भुशात;
स्टेशनापासून घरापर्यंत किती विरघळला
याचा हिशेब हमालाला द्यावा लागे.
प्लेगच्या सालात मात्र त्यानं ज्वारीचं पेव फोडलं
आणि आज्याच्या हातातून पायली काढून घेतली.
ओंजळीनं दे, म्हणाला.
आज्याला ओंजळीचं माप माहीत नव्हतं,
हात कुठवर भरायचे कळेना.

एरवी त्याची वही एका शब्दावर चालायची: तूट.
बंडी उभी राहिली की कापसात कोपरापर्यंत हात,
मूठ दाबून कानाशी न्यायची,
जणू आत कोणी बोलतंय,
आणि सांगायचं, ओला आहे.
मणामागं दोन शेर पाण्याचे कापा.
वैशाखातही कापायचा.

आणि रात्री, गठाणी दाबायच्या आधी,
आजा कळशीतून शिंपडायचा. बोटांनी, हळू,
झोपलेल्या लेकरावर शिंपडावं तसं.
कंदील शेठ स्वतः धरायचा.
पुरे, म्हणायचा.
मग म्हणायचा, अजून एक कळशी.

कोण्या दूरच्या बंदरातून कागद आला:
दोनशे गठाणी आतून काळ्या, बुरसलेल्या, पैसे परत करा.
वकील पाठवा, मुनीम म्हणाला.
वकिलाला कापूस कळत नाही, शेठ म्हणाला,
आणि स्वतः निघाला
शपथेवर सांगायला, की माल कोरडा होता.
छोट्या गाडीनं पुलगाव, मोठ्या गाडीनं मुंबई.
सोबत गादी, कैरीच्या लोणच्याची बरणी
आणि नमुन्याचं एक पोतं,
आठ दिवस उन्हात घातलेलं, खरोखर कोरडं.

पुढचं कोणालाच माहीत नाही.
आज्याला वाटायचं, शेठ वर डेकवर नसणारच.
तळाशी असेल, पोत्यापाशी,
हात कोपरापर्यंत आत घालून.

सुगनाबाईंनी मीठ सोडलं.
चोवीस वर्षं अळणी जेवल्या.
कोणी विचारलं तर,
त्यांच्या वाट्याचं आणि माझ्या वाट्याचं, दोन्ही तिकडे गेलं.

देह नव्हता.
भटजींनी पोथी उलटसुलट केली आणि सांगितलं,
पळसाची तीनशेसाठ पानं आणा, माणूस करू.
फाल्गुन होता. शिवारभर पळस पेटलेला,
झाडाला पान नाही.
शेवटी पत्रावळी लावणाऱ्या भागीकडून
मागच्या सालची वाळकी पानं आणली.
मोजायला आजाच बसला.
डोक्याला चाळीस, गळ्याला दहा,
हातांना शंभर. बोटांपाशी दोनदा चुकला.
माणूस बांधून झाला आणि लोक बांबू आणायला पांगले
तेव्हा त्यानं तो उचलून काट्यावर ठेवला.

सव्वा शेर.
शेठ गेंदालाल, सव्वा शेर.

बाजूला कळशी होती, भरलेली.

त्यानं काय केलं ते मी विचारलं.
आजा बराच वेळ आढ्याकडे बघत पडून राहिला.
वाळकी पानं होती गा, म्हणाला,
पन पेटाले लय वेळ लागला.